रोगाचा पत्ता, दवाखान्याचा पत्ता : साथीच्या बातम्या आणि इतवारी



आजचा विषय साथीच्या काळातल्या बातम्यांचा आहे. करोनात दवाखान्यांची जी ओढाताण झाली, ती आपल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी कशी मांडली, काय दाखवलं आणि काय सुटलं, ते आपल्याला बघायचं आहे. पण आम्ही सुरुवात २०२० पासून करणार नाही. नागपूरनं साथ काही तेव्हा पहिल्यांदा पाहिली नव्हती. प्लेग पाहिला होता, १९१८ ची मानमोडी पाहिली होती, मग करोना आला. तिन्ही वेळी देशात छापखाने सुरू होते आणि लोक वर्तमानपत्रं वाचत होते. म्हणून या तिन्ही साथी शेजारी शेजारी ठेवून बघू या.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. साथीच्या बातमीत दोन पत्ते असतात. एक रोगाचा पत्ता. आजार कुठल्या मोहल्ल्यात निघाला, कोणी आणला, कोणापासून लांब राहायचं. दुसरा दवाखान्याचा पत्ता. जागा कुठं आहे, डॉक्टर आहे का, औषध खरंच कामाचं आहे का, तिथे गेलेल्या माणसाची देखभाल होते का. पहिला पत्ता छापायला सोपा असतो, कारण तो बहुतेक वेळा सरकारी कचेरीतून तयार मिळतो. दुसरा पत्रकाराला पायपीट करून शोधावा लागतो. आणि इतिहास असा सांगतो की पहिला पत्ता लवकर आणि ठळक येतो, तर दुसरा उशिरा येतो आणि पुष्कळदा अर्धवट येतो.

हे बोलायला इतवारीसारखी जागा नाही. आपल्या शहराच्या जुन्या भागाची नावंच आठवड्याच्या बाजारांवरून पडली आहेत, बुधवारी, शुक्रवारी, तशी रविवारची इतवारी. धान्य, किराणा, कापड, भांडी, सराफा, सगळा घाऊक व्यापार या गल्ल्यांत. दुकान खाली, घर वर, आणि मागच्या गल्लीत कोष्ट्यांचे माग, अशी ही दाट वस्ती. एका बाजूला मेयो हॉस्पिटल, ज्याचं आजचं सरकारी नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजूबाजूला सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा. म्हणजे २०२० मध्ये ज्या वस्त्यांची नावं रोज मथळ्यात आली त्या, आणि जिथे रुग्ण नेले गेले तो दवाखाना, दोन्ही इथून हाकेच्या अंतरावर. दोन्ही पत्ते एकाच भागातले.

आता मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत साथ पुण्याला पोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला. लहानसा कायदा, मोजकीच कलमं, पण अधिकार केवढे! घरात शिरून तपासणी, माणसाला उचलून दवाखान्यात नेणं, सामान जाळणं, सगळं त्यात बसलं. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. पुढे २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर ‘केसरी’तल्या लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. हा इतिहास आपण शाळेत शिकलो.

शाळेत कमी शिकवला जातो तो दवाखान्याचा भाग. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये एक पत्र प्रसिद्ध केलं. विषय होता पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना कसं वागवलं जातं हा. बघा, एका बाईनं तिच्या ओळखीच्या मुलीबाबत काय घडलं ते विचारलं आणि ते छापलं. सरकारनं ते खोटं ठरवलं. गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ला दिली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, तर नावानिशी पुढे यायला कोणी धजेना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

यातून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. माफी झाली म्हणून पुण्यात काही वाईट घडलंच नव्हतं, असं सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की दवाखान्याच्या आतली बातमी बाहेर आणायची तर साक्षीदार लागतो, आणि साथीत साक्षीदार दोन बाजूंनी घाबरलेला असतो. एक भीती सरकारची. दुसरी शेजाऱ्यांची, की आपल्या घरात रोग होता हे कळलं तर आपल्याला कोण जवळ करणार?

त्याच वर्षी दवाखान्याचा पत्ता कामानं दाखवणारी माणसंही होती. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या प्लेगच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. तिथेच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. टिळक एकीकडे सोजिरांच्या जुलमावर लिहीत होते आणि दुसरीकडे हिंदू प्लेग इस्पितळ उभं करण्यात पुढे होते. म्हणजे सरकारवर टीका करायची आणि रुग्णाला कुठं न्यायचं तेही बघायचं, ही दोन्ही कामं एकच संपादक करू शकत होता.

प्लेग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपुरातही वारंवार आला. लोक घरं सोडून वस्तीबाहेर झोपड्यांत राहायला जात.

दुसरी साथ १९१८ ची. जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएन्झा आला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी भयंकर निघाली. आपल्या भागात तिला मानमोडी म्हणत. जगात मात्र ती ‘स्पॅनिश’ झाली, आणि त्यामागेही बातमीचीच गोष्ट आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. स्पेन तटस्थ, तिथल्या पेपरांनी मोकळेपणानं छापलं, म्हणून रोगाचा पत्ता स्पेन ठरला. ज्यानं खरं सांगितलं त्याच्याच नावानं रोग ओळखला गेला.

त्या वर्षी पाऊसही बुडाला होता, धान्य महाग झालं होतं, आणि बरेचसे डॉक्टर लढाईवर गेले होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती तो प्रांत, देशात सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी एक होता. देशभरात किती माणसं गेली? सरकारचा सुरुवातीचा अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. पुढे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी जनगणनेवरून हिशेब मांडला. किंग्स्ले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो १ कोटी ८५ लाखांपर्यंत नेला. अंदाज एवढा का वाढला? खेड्यातली मृत्यूची नोंद कोतवालाच्या तोंडी सांगण्यावर चालायची, आणि बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात जायचे. मानमोडीला रकानाच नव्हता.

नागपुरात तेव्हा वर्तमानपत्रं होती. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचं ‘हितवाद’ १९११ पासून निघत होतं, मराठी ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून. पण लढाई, धान्याचे भाव, राजकीय सुधारणा या सगळ्याच्या गर्दीत मानमोडी मागे पडली. घराघरांत तिची आठवण तोंडी राहिली, इतिहासाच्या पुस्तकात तिला चार ओळी मिळाल्या. प्लेगला रँड होता, चापेकर होते, खटला होता. मानमोडीला खलनायकही नव्हता आणि नायकही नव्हता. नुसता दवाखाना नसणं ही बातमी होत नाही. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपली साथ. ११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला करोना रुग्ण निघाला, अमेरिकेहून परतलेला. त्याला मेयोत ठेवलं. दोन दिवसांनी राज्य सरकारनं नागपूरसह मोठ्या शहरांत साथरोग कायदा लागू केला. कोणता? तोच, १८९७ चा. आणि १४ मार्चच्या नियमावलीत एक कलम होतं. आरोग्य खात्याकडून खात्री आणि परवानगी घेतल्याशिवाय करोनाविषयी छापील, दृक्‌श्राव्य किंवा समाजमाध्यमांतून माहिती पसरवायची नाही. अफवा रोखायला हे हवं होतं, असं म्हणता येईल, आणि अफवा खरोखर होत्या. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की साथीवर मोकळी चर्चा जरूर करा, पण घडामोडींची अधिकृत माहितीही छापा. परिणाम असा झाला की रोज संध्याकाळी येणारा सरकारी आकडा हीच बातमी झाली. आणि त्या आकड्याबरोबर यायचं काय? वस्तीचं नाव.

एप्रिलच्या सुरुवातीला सतरंजीपुऱ्यातल्या एका रुग्णाचा मेयोत मृत्यू झाला. शहरातला तो पहिला करोना मृत्यू. त्याच्या संपर्कातले, मग त्यांच्या संपर्कातले, असे रुग्ण निघत गेले. तेव्हाचे महापालिका आयुक्त तुकाराम मुंढे यांनी सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील केला आणि शेकडो माणसांना विलगीकरणासाठी आमदार निवास, वनामती अशा ठिकाणी हलवलं. दाट वस्तीत घरातल्या घरात वेगळं राहणं शक्य नव्हतं, त्यामुळे यामागे वैद्यकीय कारण होतं. ते नाकारायचं कारण नाही.

पण बातम्या बघा. मरकजच्या बातम्यांनी आधीच वातावरण तापलं होतं. त्यात या दोन नावांचं असं झालं की शहराच्या दुसऱ्या टोकाला सतरंजीपुरा म्हटलं की लोक मागे सरकायचे. एकेका मृत माणसाभोवती साखळीचे तक्ते काढले गेले, यानं किती जणांना दिलं असे. त्या माणसानं कोणाला मुद्दाम दिलं होतं काय? तपासणीची सोय तेव्हा मोजक्याच ठिकाणी होती, तो आधी किती जणांकडे उपचाराला गेला, त्याची चाचणी वेळेत का झाली नाही, हे प्रश्न मागच्या पानावर राहिले. रोगाचा पत्ता मिळाला, तेवढ्यावर काम भागलं. २१ ऑगस्ट २०२० ला औरंगाबाद खंडपीठानं मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, आणि त्यांच्याविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा अपप्रचार झाल्याचं निकालात नोंदवलं. निकालाची बातमी आलीच, पण ज्या आकाराच्या मथळ्यात आरोप आले होते, तेवढा आकार तिला मिळाला का, ते तुम्ही जुने अंक काढून बघा.

याच काळात खुद्द बातमीचंही आजारपण चालू होतं. पेपरच्या कागदावरून विषाणू घरात येतो या भीतीनं लोकांनी पेपर बंद केले. १८ एप्रिलला राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. पत्रकार संघटनांनी इथल्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. काही दिवसांत आदेश सैल झाला, पण मुंबई-पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं वगळून. म्हणजे ज्या वस्तीबद्दल रोज लिहिलं जात होतं, त्याच वस्तीत पेपरवाला जाऊ शकत नव्हता. बातमीदारही फारसा जात नव्हता, आणि त्याला दोष देताना जपून बोललं पाहिजे. २ सप्टेंबर २०२० ला पुण्यात वृत्तवाहिनीचे तरुण प्रतिनिधी पांडुरंग रायकर यांचा जम्बो कोविड केंद्रात मृत्यू झाला. दुसरीकडे हलवायला सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही. दवाखान्यांच्या बातम्या देणाऱ्या माणसालाच दवाखाना मिळाला नाही.

मग आली दुसरी लाट. मार्च २०२१ मध्ये नागपुरात आठवडाभर कडक टाळेबंदी झाली आणि एप्रिलमध्ये दिवसाला सात हजारांच्या वर रुग्ण निघू लागले. आता रोग सगळ्या शहरात होता. धरमपेठेत होता, सिव्हिल लाइन्समध्ये होता. एका वस्तीवर बोट ठेवायची सोयच उरली नाही. आणि मंडळी, नेमका तेव्हा दुसरा पत्ता बातमीत आला. कुठं बेड रिकामा, कुठं ऑक्सिजन, मेडिकलमध्ये काय स्थिती, मेयोत काय स्थिती. पत्रकार स्वतःच्या फोनवरून लोकांना बेड मिळवून देत होते. समाजमाध्यमांवर याद्या फिरत होत्या. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून निघालेली देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपुरात आली, तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. त्या नाशिकमध्ये दोनच दिवसांआधी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून २२ रुग्ण दगावले होते.

पण दवाखान्याचा पत्ता सांगणारी बातमीही चुकू शकते. रेमडेसिव्हिर आठवा. औषधांच्या दुकानांपुढच्या रांगा, काळा बाजार, एका इंजेक्शनसाठी दागिने मोडणारी घरं. १९ एप्रिल २०२१ ला नागपूर खंडपीठानं स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत राज्य सरकारला आदेश दिला की त्याच रात्री आठपर्यंत नागपूरला दहा हजार कुप्या द्या. त्या मिळाल्या नाहीत तेव्हा, अशा समाजाचा भाग असल्याची आम्हाला लाज वाटते, अशा अर्थाचे उद्गार न्यायालयानं काढले. टंचाईची बातमी खरी होती, न्यायालयाची तळमळ खरी होती. पण जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच म्हटलं होतं की दाखल रुग्णांना हे औषध देण्याची शिफारस करता येत नाही, जीव वाचतो असा पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडच्या मार्गदर्शनातही ते ऑक्सिजनवर असलेल्या निवडक रुग्णांपुरतं होतं. ‘कुठं मिळतं’ हे रोज छापून आलं. ‘कोणाला लागतं’ हे त्यामानानं फारच कमी आलं. ते रोज पहिल्या पानावर आलं असतं, तर कितीतरी लेकरांना आईबापाच्या उशाशी बसता आलं असतं, रांगेत उभं राहावं लागलं नसतं.

आणि शेवटी मोजणी. १९१८ चा ‘ताप’ हा रकाना तुम्ही विसरला नसाल. २०२१ मध्ये गुजरातच्या वर्तमानपत्रांनी एक मोठं काम केलं. संध्याकाळच्या सरकारी आकड्यावर न थांबता त्यांची माणसं दवाखान्यांच्या दारात आणि स्मशानांत उभी राहिली. ‘दिव्य भास्कर’नं मृत्यू दाखल्यांची बेरीज केली. १ मार्च ते १० मे या ७१ दिवसांत राज्यात सुमारे १ लाख २३ हजार दाखले निघाले होते, आदल्या वर्षी त्याच दिवसांत सुमारे ५८ हजार. सरकारी करोना मृत्यू होते चार हजारांच्या आसपास. वाढलेला प्रत्येक मृत्यू करोनाचाच, असं कोणी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला ही बेरीज पुरेशी होती.

आपल्या राज्यात हा फरक वेगळ्या वाटेनं दिसला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या घरी ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे आकडे आले, तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज दोन लाखांच्या वर. काही अर्ज दुबार असतील, पण चाचणी न होताच गेलेली, दाखल्यावर भलतंच कारण लागलेली माणसंही त्यात होती. मोजणी हा अभ्यासकांचा छंद आहे असं कोणाला वाटत असेल, तर एखाद्या विधवेला ते ५० हजार मिळणं न मिळणं त्या एका रकान्यावर अवलंबून होतं.

आता इतवारीच्या मारबतीबद्दल बोलून आवरतं घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या भागातून निघते. १८८० च्या दशकापासून ही परंपरा असल्याचं आयोजक मंडळी सांगतात. शहरातली रोगराई, इडापीडा घेऊन जा, असं ओरडून तिला वेशीबाहेर नेतात आणि जाळतात. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे, गळ्यात पाट्या लटकवलेले. म्हणजे हा आपला रस्त्यावरचा अग्रलेखच म्हणा ना. रोगराई हाकलणारी ही मिरवणूक २०२० मध्ये रोगराईमुळेच निघाली नाही. पण त्या परंपरेतलं शहाणपण बघा. जाळायचा तो पुतळा. बडग्याच्या पाटीवर बोल लागतो तो कारभाऱ्यांना, भाववाढीला, शहरातल्या खड्ड्यांना. शेजारच्या मोहल्ल्याची मारबत कोणी काढत नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्या मथळ्यांनी ती काढली.

म्हणून पुढच्या साथीत, आणि ती येणार, सकाळी पेपर उघडला की त्यात दवाखान्याचा पत्ता किती आहे ते बघा. वस्तीचं नाव आहे, पण तिथे तपासणीची सोय किती, हे आहे का? औषधाची टंचाई आहे, पण ते कोणाला लागतं, हे आहे का? मृतांचा आकडा आहे, पण तो कोणी, कशावरून मोजला, हे आहे का? नसेल तर संपादकाला पत्र लिहा. रमाबाईंनी लिहिलं होतं.

आणि एक विनंती. तुमच्या घरी २०२०-२१ ची कात्रणं, दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्डं, विलगीकरणाच्या चिठ्ठ्या असतील तर रद्दीत घालू नका. त्यावर तारीख, वार्ड आणि घरातल्या माणसाशी नातं लिहून एका पाकिटात ठेवा. १९१८ च्या मानमोडीचं असं एखादं पाकीट इतवारीतल्या कोणत्याही घरी असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला जरूर भेटा. आता तुमचे प्रश्न घेऊ.